सूत दिसले, कातणारी दिसली नाही : चांद्याच्या इतिहासाचे प्रदर्शन कोण मांडणार?

ऑक्टोबर महिन्यात चंद्रपूर शहरात पाच दिवसांच्या अंतराने दोन दिवस पाळले जातात. १६ ऑक्टोबर १९५६ ला, नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर लगेच, बाबासाहेबांनी चांद्याला येऊन लाखो लोकांना दीक्षा दिली. त्याआधी ९८ वर्षे, २१ ऑक्टोबर १८५८ ला, याच चांद्याच्या तुरुंगात वीर बाबुराव शेडमाके यांना इंग्रजांनी फासावर चढवले. एका दिवशी निळे झेंडे, दुसऱ्या दिवशी पिवळे. दोन्ही ठिकाणी पुस्तके असतात, फोटो असतात, मोठमोठे फ्लेक्स असतात. पण तिथे जमलेल्या माणसाच्या स्वतःच्या घरातली एखादी वस्तू, तिच्याखाली त्या घराचे नाव, आणि ती जपण्याची काही व्यवस्था किती ठिकाणी दिसते?

हा प्रश्न सजावटीचा नाही, सत्तेचा आहे. इतिहासाचे प्रदर्शन मांडणे म्हणजे चार वस्तू टेबलावर ठेवणे एवढेच नसते. कोणती वस्तू उचलायची, कोणती सोडायची, तिच्या शेजारी काय ठेवायचे आणि तिच्याखालच्या पाटीवर काय लिहायचे, हे ठरवणारा माणूस इतिहास लिहीत असतो. पाहणारा पुस्तक वाचताना शंका घेतो, पण काचेच्या कपाटातली वस्तू आणि तिची पाटी तो खरीच धरून चालतो. म्हणून ही पाटी आजवर कोणी लिहिली, ते आधी तपासू.

नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय १८६३ साली सुरू झाले. लोक त्याला आजही अजब बंगला म्हणतात. म्हणजे अजब, विचित्र वस्तू बघायची जागा. १८५४ साली भोसल्यांचे राज्य खालसा करून इंग्रजांनी हा मुलूख ताब्यात घेतला होता. नव्या मुलखात काय पिकते, काय खणता येते, कोणत्या जाती-जमाती राहतात, याची मोजदाद त्यांना हवी होती. त्याच हेतूने १८६५ साली नागपुरात मोठे प्रदर्शन भरले. त्या काळी चांद्याच्या महारांनी हाताने कातलेले सूत फार प्रसिद्ध होते. ते इतके तलम असायचे, की एक पौंड सूत सरळ उलगडले तर शंभर मैलांच्या पुढे जाईल, असा हिशेब इंग्रजांच्या कागदपत्रांत येतो.

शंभर मैल! म्हणजे चंद्रपूरहून नागपूरपर्यंत जाऊनही सूत उरेल. ज्या समाजाला गावाबाहेर ठेवले, ज्याचा स्पर्श विटाळ मानला, त्याच समाजाच्या हातांतून असे सूत निघत होते. आणि ते कातणाऱ्या माणसांबद्दल काय नोंद आहे? जात नोंदली आहे. बायका असतील, म्हाताऱ्या असतील, त्यांच्यापैकी एकीचेही नाव आपल्यापर्यंत आले नाही. साहेबाला सुताचा पोत, जाडी, किंमत हवी होती. कातणारीचे नाव विचारावे, असे त्याला वाटले नाही. ब्राह्मणी समाजव्यवस्थेने जे आधीच केले होते, तेच साहेबाने शिस्तीत, वजनमापासह केले. पुढे १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, १८७७ मध्ये एम्प्रेस मिल सुरू झाली, गिरणीचे सूत आणि कापड स्वस्त झाले. घरोघरचे चरखे आणि माग थांबले. कारागीर मजूर झाले. आज आपल्या किती मुलामुलींना ठाऊक आहे, की आपले पणजोबा कोष्ट्यांच्या तोडीचे कापड विणत होते?

गोंड बांधवांच्या वाट्याला तर याहून वाईट आले. १८६६-६७ मध्ये जबलपूरला असेच प्रदर्शन भरले. तिथे आदिवासी माणसेच बघायला आणली गेली. त्यांची तपासणी करायला एक समिती बसली आणि तिचा अहवाल १८६८ साली नागपुरात छापला गेला. त्या अहवालाच्या नावातच त्या माणसांना ‘नमुने’ म्हटलेले आहे. जिवंत माणूस म्हणजे नमुना! बाबुराव शेडमाकेंच्या फाशीला तेव्हा दहा वर्षेसुद्धा झाली नव्हती. ज्यांनी कालपरवा सरकारविरुद्ध बंदूक उचलली, त्यांच्याच भाईबंदांना आज नाक-डोळे मोजायला उभे केले. बंडखोराला ‘आदिम’ ठरवले, की त्याच्या बंडाला राजकारण म्हणावे लागत नाही, हे त्यामागचे गणित होते.

आता दगडांकडे वळू, कारण आपल्या चळवळीचा दगडांवर फार विश्वास आहे. जुन्या चांदा जिल्ह्यातल्या देवटेक इथला एक शिलालेख नागपूरच्या संग्रहालयात गेला. त्या एकाच दगडावर दोन लेख आहेत. जुना लेख ब्राह्मीत आहे, आणि त्यात प्राण्यांना पकडायला व मारायला मनाई केलेली आहे. वा. वि. मिराशी यांनी तो अशोकाच्या धर्ममहामात्राचा असावा असे मत मांडले. दुसरा लेख त्यानंतर कित्येक शतकांनी वाकाटक राजा पहिला रुद्रसेन याने आपल्या धर्मस्थानासाठी कोरवला. म्हणजे धम्माची आज्ञा ज्या दगडावर होती, तोच दगड पुढच्या राजाने आपल्यासाठी वापरला. या दगडाखाली ‘वाकाटककालीन शिलालेख’ अशी पाटी लावली तर ती खोटी ठरणार नाही, पण अर्धा दगड गिळला जाईल. ‘अशोककालीन आज्ञा, नंतर त्याच दगडावर वाकाटक राजाचा लेख’ असे लिहिले, तर पाहणाऱ्याच्या डोळ्यांसमोर सहाशे वर्षांचा संघर्ष उभा राहतो. दगड तोच आहे, पाटी बदलली की इतिहास बदलतो.

दुसरा धडा याहून कडू आहे. नागपूरच्याच संग्रहात पांडुवंशी राजा भवदेव रणकेसरी याच्या काळचा एक बौद्ध शिलालेख आहे. आपल्या मुलाच्या मृत्यूच्या शोकात सूर्यघोष नावाच्या राजाने बुद्धाचे मंदिर बांधले होते. ते पुढे मोडकळीला आले आणि भवदेवाने त्याची डागडुजी केली, असा त्याचा आशय. हा लेख कुठला? काही अभ्यासकांनी भांदकचा, म्हणजे आपल्या भद्रावतीचा, सांगितला. काहींनी तो छत्तीसगडातल्या आरंगचा ठरवला. वाद का झाला? दगड मूळ जागेवरून हलवला तेव्हा तो कुठून, कोणी, कधी आणला याची पक्की नोंद सोबत आली नाही. हजार वर्षे टिकलेल्या दगडाने आपले गाव गमावले, केवळ एका ओळीच्या नोंदीअभावी. विजासनच्या बौद्ध लेण्यांच्या पायथ्याशी उभे राहून ‘हा लेख आमच्याच मातीतला’ असे कितीही जोरात म्हटले, तरी नोंद नसेल तर आवाजाला वजन येत नाही. भावनेने इतिहास आपला होत नाही, तो पुराव्याने होतो. बाबासाहेबांनी ‘द अनटचेबल्स’ लिहिताना हेच दाखवले. थेट पुरावा तुटला तिथे त्यांनी तर्काने दुवा जोडला, पण कुठे पुरावा आहे आणि कुठे अनुमान आहे, हे लपवले नाही.

मग आपले काय? बाबासाहेबांच्या वस्तू जपण्याचे काम आपल्या माणसांनी नेटाने केले. वामनराव गोडबोले यांनी नानकचंद रत्तू यांच्याकडून आलेल्या वस्तू नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात जपल्या. त्यात बाबासाहेबांचा टाइपरायटर आहे, कपडे आहेत. पुण्यात सेनापती बापट रस्त्यावरच्या स्मारकात माईसाहेबांनी दिलेल्या वस्तू आहेत. मुंबईत राजगृह आहे. हे सगळे अनमोल आहे. पण १९५६ ची क्रांती एकट्या बाबासाहेबांनी केली नाही, असे म्हटले तर त्यांचा अपमान होत नाही. ती लोकांनी केली, हेच त्यांचे यश आहे. चांद्याला लोक कसे आले? बंडीने, पायी, मिळेल त्या वाटेने. आपल्या प्रदर्शनांत हे लोक कुठे आहेत? बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांचा फोटो असतो, तो हवाच. पण गावचा मुक्काम, शिदोरी, पोटुशी बाई, वाटेतली नदी, दीक्षेनंतर घरातले देव विसर्जित करताना सासूसुनेत झालेले भांडण, हे कुठे आहे?

दरवर्षी तेच फ्लेक्स, तीच इंटरनेटवरून उतरवलेली चित्रे, त्याच चुका. दुसऱ्याच सभेचा फोटो दीक्षेचा म्हणून छापला जातो. बाबासाहेबांच्या तोंडी त्यांनी न म्हटलेली वाक्ये घातली जातात. विरोधकाला आपल्यावर हसायची संधी आपणच देतो. आणि ज्या दिवशी एखादा इतिहासकार ‘तुमच्याकडे पुरावा काय?’ असे विचारतो, तेव्हा आपण भाषण करतो.

पुरावा कुठे आहे, हे आपल्याला चांगले माहीत आहे. जात पडताळणीसाठी १९५० पूर्वीचा कागद शोधताना आपल्यातल्या प्रत्येकाने आजोबांची लोखंडी पेटी उघडली आहे. कोतवाल पंजीची नक्कल, शाळेचा दाखला, पट्ट्याची पावती, फाटलेले रेशनकार्ड, मध्येच समता सैनिक दलाचा बिल्ला, एखाद्या परिषदेची पावती, काळवंडलेला फोटो. वैधता प्रमाणपत्र मिळाले की पेटी पुन्हा माळ्यावर. पुढच्या पावसाळ्यात वाळवी लागते, कसर कागद खाते. १९५६ साली जो पंधरा वर्षांचा होता तो आज ऐंशीच्या पुढे आहे. येत्या काही वर्षांत हे साक्षीदार राहणार नाहीत. त्यानंतर फोटोतला माणूस कोण, हे सांगायला कोणी उरणार नाही.

कोणी म्हणेल, पोरांना नोकऱ्या नाहीत, गावात अत्याचार होतात, जंगल खाणींत चालले आहे, आणि तुम्ही संग्रहालयाच्या गोष्टी करता? आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून उत्तर हिशेबाने देतो. वनहक्क कायदा २००६ पाहा. आदिवासी नसलेल्या वननिवासी कुटुंबाला हक्क मागायचा असेल, तर १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, वास सिद्ध करावा लागतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातली आपली बौद्ध कुटुंबे याच कलमात अडकतात. नियमांत कोणकोणते पुरावे चालतात? जुने सरकारी कागद, गॅझेटियर, गावातल्या वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदन, विहीर, जुने घर, स्मशान, पूजास्थान यांसारख्या खुणा. म्हणजे ज्या वस्तूंनी प्रदर्शन उभे राहते, त्याच वस्तूंनी सातबाराही उभा राहतो. आजीची मुलाखत तारीख-सहीसह लिहून ठेवली तर तो इतिहास आहे, आणि दाव्याचा आधारही. ज्या समाजाला जमिनीतून हुसकले, त्याला आठवणीतूनही हुसकता येते. दोन्ही कामे एकाच सपाट्यात होतात.

तर काम कसे करायचे? थोडक्यात सांगतो, कारण नुसत्या आवाहनाने काही होत नाही.

सगळ्यात आधी नोंदवही. वस्तू हातात घेतली की तिला क्रमांक द्या, वर्ष आणि त्यापुढे अनुक्रमांक. वस्तू काय, कोणाची, कोणत्या गावची, कोणी दिली, कधी दिली, कायमची दिली की उसनी, तिच्याबद्दल देणाऱ्याने काय सांगितले, आणि कोणी लिहून घेतले. देणाऱ्याला सहीची पोचपावती द्या. उसनी वस्तू कधी परत करणार ते त्यावर लिहा आणि त्या दिवशी परत करा. आपल्या लोकांकडून वस्तू घेऊन गायब झालेले ‘संशोधक’ कमी नाहीत. एकदा विश्वास तुटला की पुढची पेटी उघडत नाही. शक्य असेल तिथे मूळ वस्तू घरीच राहू द्या. चांगली स्कॅन प्रत काढा आणि प्रदर्शनात ती लावा.

दुसरे, जपणूक. जुन्या कागदाला सेलोटेप लावू नका. लॅमिनेशन तर अजिबात करू नका, ते कधीच सुटत नाही. फोटो कडेने धरा. कागद धुतलेल्या कोऱ्या सुती कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, आत ओल धरते. पेटी जमिनीवर किंवा भिंतीला चिकटून ठेवू नका. आपल्याकडचा मे महिना आणि आपला पावसाळा दोन्ही कागदाचे वैरी आहेत. प्रदर्शनात कापड आणि कागदावर ऊन किंवा हॅलोजन पडू देऊ नका. आठवड्याभराच्या झगमगाटात साठ वर्षे टिकलेला निळा रंग उडतो.

तिसरे, पाटी. साठ-सत्तर शब्दांपेक्षा जास्त नको, उभ्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर हवी, आणि सातवीच्या मुलीला वाचता यावी. पाटीवर पहिले नाव वस्तूच्या मालकाचे, मग वस्तूचे. ‘जुना चरखा’ असे लिहू नका. कोणाचा, कोणी चालवला, केव्हा थांबला ते लिहा. खात्री नसेल तिथे ‘घरच्यांच्या सांगण्यानुसार’ असे स्पष्ट लिहा. त्याने आपली किंमत कमी होत नाही, वाढते.

चौथे, कायदा. शेतात, तळ्यात कोरीव दगड किंवा मूर्ती सापडली, तर ती उचलून विहारात आणू नका. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा पुरलेला ठेवा सापडला, तर जिल्हाधिकाऱ्याला कळवावे लागते. १९७२ च्या पुरावशेष कायद्याचीही बंधने आहेत. जागेवरच फोटो घ्या, गट क्रमांक लिहा, मग कळवा. जागेवरून हलवलेल्या दगडाचे काय होते, ते भांदक-आरंगच्या वादाने दाखवले आहेच.

पाचवे, बाया. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ या १९८९ च्या पुस्तकासाठी चळवळीतल्या स्त्रियांना शोधून काढले, बोलते केले, तेव्हा कुठे तो इतिहास कागदावर आला. १९४२ साली नागपूरच्या परिषदेला हजारो स्त्रिया आल्या होत्या. त्यांच्या नावचे कागद घरात नसतात, कागद पुरुषाच्या नावे असतो. म्हणून त्यांच्याकडे कागद मागू नका. लुगडे, जाते, पहिल्या वंदनेची वही, गाण्याची वही मागा, आणि जवळ बसून ऐका.

आणि आता सगळ्यात अवघड मुद्दा. आपण प्रदर्शन मांडताना गोंड-माडिया समाजाच्या बाबतीत नवे साहेब होऊ नये. एका कोपऱ्यात मोरपीस, ढोल, अर्धनग्न बाईचा फोटो आणि ‘आदिम संस्कृती’ अशी पाटी लावली, तर जबलपूरच्या प्रदर्शनात आणि आपल्यात फरक काय राहिला? भामरागडकडे मृतांच्या स्मरणार्थ दगड उभे करतात. ते वस्तू नाहीत, त्या कुटुंबांचे पूर्वज आहेत. ते हलवायचे नसतात, मागायचेही नसतात. गोटूलबद्दल लिहायचे तर ते त्याच गावच्या मुलामुलींनी लिहावे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने वाट दाखवून ठेवली आहे. तिथे विषय आधी अभ्यासगटात चर्चिला जातो आणि ग्रामसभा सर्वसहमतीने निर्णय घेते. आपली प्रत्येक पाटी ग्रामसभेत वाचून दाखवावी. गाव नाही म्हणाले तर ती पाटी फाडावी. तेवढी लोकशाही आपल्याला परवडली पाहिजे, कारण आपण संविधानाचे नाव घेतो.

जगात हे झाले आहे. दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनचा डिस्ट्रिक्ट सिक्स हा भाग १९६६ साली गोऱ्यांसाठी राखीव जाहीर झाला. सुमारे साठ हजार माणसांना तिथून हुसकले आणि घरे पाडली. १९९४ मध्ये त्याच लोकांनी तिथे संग्रहालय उघडले. जमिनीवर जुन्या वस्तीचा मोठा नकाशा अंथरला. लोक येतात आणि आपले घर जिथे होते तिथे आपले नाव लिहितात. शिवाय एक लांबच लांब कापड आहे. त्यावर जुने रहिवासी नावे आणि आठवणी लिहितात, मग ती अक्षरे धाग्याने भरली जातात. राजाचा मुकुट नाही, तलवार नाही. नाव हीच तिथली सर्वांत मोठी वस्तू.

कापडावर नावे! चांद्याला याहून शोभणारी गोष्ट कोणती? ज्या समाजाचे सूत प्रदर्शनात गेले आणि नावे बाहेर राहिली, त्या समाजाने आता कापड अंथरावे आणि नावे लिहावीत.

माझा प्रस्ताव साधा आहे. येत्या १६ ऑक्टोबरपासून २१ ऑक्टोबरपर्यंत, दीक्षेच्या दिवसापासून शेडमाकेंच्या शहादतीच्या दिवसापर्यंत, सहा दिवसांचे एकच प्रदर्शन. मांडणी आंबेडकरी आणि गोंड तरुणांची संयुक्त समिती करील. प्रत्येक तालुक्यातून दहा घरे, प्रत्येक घरातून एक वस्तू, तिच्या नोंदीसह. मध्यभागी कोऱ्या मांजरपाटाचे लांब कापड. त्यावर १९५६ ला चांद्याला आलेल्या प्रत्येक माणसाचे नाव आणि गाव, घरच्यांनी येऊन लिहायचे. शेजारी गोंड बांधवांचे कापड, त्यावर काय लिहायचे ते त्यांनी ठरवायचे. सहा दिवसांनंतर कापड गुंडाळून जपायचे आणि पुढच्या वर्षी पुन्हा उलगडायचे. फ्लेक्सच्या एका कमानीच्या पैशात हे होते.

सुरुवात आजच करता येते. घरातली पेटी उतरवा. एक वही घ्या. आजी जागी असेल तर तिच्याजवळ बसा आणि पहिल्या पानावर तिचे पूर्ण नाव लिहा. माहेरचे नावही लिहा, ते सहसा कोणी लिहीत नाही.

जयभीम! जय सेवा!